चार पथ्यांचे एक ताट

साताऱ्याजवळच्या एका गावातून ‘कंटाळलेल्या बाई’ अशी सही असलेले पत्र आले आहे. त्याचा सारांश असा:

‘मी 62 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे आणि एकटी राहते. मधुमेहाला 19 वर्षे झाली; सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन घेते. थायरॉइडची गोळी चालू आहे. सहा वर्षांपासून आमवात आहे आणि त्यासाठी दर शनिवारी मेथोट्रेक्सेट घेते. रक्तदाबाची गोळी आहेच. गेल्या वर्षी चार घास खाल्ले की पोट भरू लागले, सकाळचे जेवण रात्री उलटू लागले, तेव्हा तपासणीत चार तासांनंतरही जवळजवळ तीस टक्के अन्न जठरातच राहिलेले दिसले. मूत्रपिंडे ठीक आहेत. आता फ्रिजवर चार पथ्ये चिकटवली आहेत. मधुमेहाचे सांगते कोंडा, कोशिंबीर, मोड खा. पोटाचे सांगते तेच टाळा. नात्यातल्या मंडळींनी आमवातासाठी डाळ, आंबट आणि टोमॅटो बंद करायला लावले, थायरॉइडसाठी कोबी गेला. बोटांनी भाकरी थापता येत नाही, कुकर उचलवत नाही. रात्री बहुतेक चहा-टोस्टवर भागते. आठ महिन्यांत वजन 57 वरून 51 किलोवर आले. रात्री दहाला साखर 68 असते आणि पहाटे 260, म्हणजे टोस्टही बाधतो का? रोज मूगभात खाल्ला तर चालेल का? आणि भाकरी कायमची सुटली का? मला चविष्ट काही नको. करायला सोपे आणि सोसेल असे सांगा.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते. संध्याकाळी जेवणाच्या हिशेबाचे इन्सुलिन घ्यायचे आणि प्रत्यक्षात दोन टोस्ट खायचे, हे धोक्याचे आहे. साखरेचे कोडे मात्र टोस्टमुळे पडलेले नाही. निरोगी माणसाचे जठर अन्न ठराविक वेगाने पुढे आतड्यात सोडते आणि त्या वेगाशी इन्सुलिनची वेळ जुळवलेली असते. अनेक वर्षांच्या मधुमेहात जठराला चालना देणारी नस दुबळी होऊ शकते, आणि मग अन्न उशिरा पुढे सरकते. इन्सुलिन मात्र आपल्या वेळेवर काम करून मोकळे होते. म्हणून रात्री दहाला साखर 68 वर उतरते, आणि जठरात अडकलेले अन्न मध्यरात्रीनंतर रक्तात पोहोचू लागले की पहाटे 260 दिसते. शिवाय वाढलेली साखर स्वतःच जठराला आणखी मंद करते, म्हणजे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. जेवणाआधी, दोन तासांनी, रात्री दहाला आणि पहाटे असे चार-पाच दिवसांचे आकडे, प्रत्येक वेळी काय आणि किती खाल्ले याच्या नोंदीसह, वहीत लिहा आणि याच आठवड्यात मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनचा प्रकार, मात्रा किंवा वेळ बदलायची की नाही, ते जेवणानंतर द्यायचे का, हे त्यांनीच ठरवायचे आहे. तुम्ही स्वतः मात्रा कमी-जास्त करू नका. आठवड्यातून एकदा घ्यायची मधुमेहाची काही इंजेक्शनेही जठर मंद करतात, तेव्हा तुमच्या औषधांत तसे काही आहे का, हे त्याच भेटीत विचारा.

तोपर्यंत साखर 70 च्या खाली गेली तर बिस्कीट, पेढा किंवा चॉकलेट खाऊ नका, कारण त्यातील स्निग्धांश साखर रक्तात पोहोचायला उशीर लावतो. पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड विरघळवून प्या, कारण मंद जठरातूनही पातळ पदार्थ घट्ट पदार्थांपेक्षा लवकर पुढे जातात. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजा आणि ती अजून खालीच असेल तर तेवढेच पाणी पुन्हा घ्या. हा ग्लास आणि साखरेची छोटी बरणी पलंगाजवळ असावी, स्वयंपाकघरात नव्हे.

दुसरी गोष्ट वजनाची. आठ महिन्यांत सहा किलो म्हणजे तुमच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक, आणि ते तुम्ही कमी केलेले नाही, आपोआप गेले आहे. हे डॉक्टरांना आकड्यानिशी सांगायला हवे. तुमच्या पत्रात हे वाक्य शेवटाकडे आले आहे. दवाखान्यात ते पहिले बोला.

आता फ्रिजवरच्या चार कागदांकडे वळू. ते चारही एकाच वेळी पाळायला गेले तर ताटात पाणी आणि पश्चात्ताप एवढेच उरते. रुग्णालयाच्या आहार विभागात काम करताना मी हे वारंवार पाहिले आहे: प्रत्येक पथ्य आपापल्या जागी बरोबर असते, पण ती पथ्ये देणारे एकमेकांशी बोललेले नसतात आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम थकलेल्या रुग्णावर पडते. अशा वेळी या घडीला ताटावर अधिकार कोणत्या आजाराचा आहे, ते ठरवावे लागते. तुमच्या बाबतीत तो जठराचा आहे. जे अन्न जठरातून पुढेच जात नाही, त्यात कितीही कोंडा, मोड आणि जीवनसत्त्वे असली तरी मधुमेहाला त्याचा उपयोग नाही. उलट तंतुमय भाग साचून त्याचा गोळा होण्याची भीती असते. म्हणून कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये, गवार, शेवग्याच्या शेंगा, मका, ओले-सुके खोबरे, संत्र्या-मोसंबीचे चोथे आणि फळांच्या साली तूर्त बाजूला ठेवा आणि मधुमेहाच्या कागदावरची ती ओळ निःसंकोच खोडा. त्या कागदातील साखर, गूळ, मैदा आणि तळण यांविषयीचा भाग मात्र तसाच राहू द्या.

नातेवाइकांच्या कागदाला मी थोडी निर्दयपणे कात्री लावणार आहे. डाळ बंद करण्याचा सल्ला बहुधा युरिक ॲसिडच्या सांधेदुखीवरून आला असावा. तुमचा आमवात हा वेगळा आजार आहे, त्यात डाळ बंद करण्याचे कारण नाही आणि तुमच्या ढासळलेल्या वजनाला तर ती परवडणारीच नाही. टोमॅटो किंवा आमसूल तुम्हाला जळजळ करत असेल तर टाळा, पण ते पोटासाठी, सांध्यांसाठी नव्हे. गोळी नियमित चालू असताना शिजवलेल्या कोबीने थायरॉइडचे बिघडत नाही. कोबी तुम्हाला सध्या नको तो केवळ वायू धरतो म्हणून.

थायरॉइडच्या कागदावर खरोखर पाळण्याजोगी गोष्ट गोळीच्या वेळेची आहे. ती उठल्याबरोबर उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि दुधाचा चहा त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर थांबून घ्यावा. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवा. ती दुसरी गोळी दुपारच्या जेवणाबरोबर सोयीची पडते.

आता ताटाकडे येऊ. तुम्हाला तीन जेवणांचा विचार सोडावा लागेल. दिवसात पाच-सहा वेळा, दर वेळी दीड वाटीच्या आसपास, ताठ बसून, सावकाश चावून खावे. नंतर अंगणात दहा मिनिटे फिरावे आणि शेवटचे खाणे झोपण्याआधी तीन तास उरकावे. तेल-तूप मिळून एका वेळच्या अन्नात चमचाभर पुरे, कारण स्निग्ध पदार्थ जठराला थोपवून धरतात. दुधातील स्निग्धांश मात्र पातळ रूपात असल्याने बहुतेकांना सोसतो, हे तुमच्या वजनाच्या दृष्टीने उपयोगी आहे.

या सगळ्याला सर्वांत जवळचा पदार्थ तुम्ही आधीच शोधून काढला आहे. मुगाची खिचडी करताना मात्र प्रमाण बदला. घरोघरी दोन भाग तांदूळ आणि एक भाग डाळ घेतात. तुम्ही दोन्ही समसमान घ्या, कारण फार मऊ शिजवलेला नुसता भात साखर लवकर चढवतो आणि त्यात प्रथिनेही थोडी असतात. हळद, हिंग, जिरे आणि आल्याचा कीस घालून ती पळीवाढी होईपर्यंत शिजवा. हीच डाळ अधिक पाण्यात शिजवून, घुसळून आणि गाळून घेतली की कढण होते, आणि घास नकोसा होतो त्या दिवशी ते कपातून पिता येते. कोकणात आजारी माणसाला पेज किंवा आटवल देतात आणि देशावर गुरगुट्या भात व मेतकूट. मेतकुटाचा वास मला स्वतःला लहानपणापासून सोसत नाही, पण तुम्हाला आवडत असेल तर चिमूटभर जरूर घाला, केवळ त्यातील मीठ हिशेबात धरा.

प्रथिनांचा हिशेब एकदा करून ठेवा, म्हणजे रोज चिंता नको. तुमच्या वजनाला दिवसाकाठी सुमारे 50 ग्रॅम प्रथिने लागतात. 50 ग्रॅम मूगडाळीतून सुमारे 12 ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून तेवढीच, दूध आणि दही मिळून 400 मिलिलिटर घेतले तर साधारण 13, आणि 50 ग्रॅम पनीर कुस्करून खिचडीत मिसळले तर नऊ. एवढ्याने तुम्ही 46 पर्यंत पोहोचता आणि उरलेली तांदूळ-रव्यातून येतात. अंडे चालत असल्यास ते तळण्यापेक्षा उकडून कुस्करा किंवा पातळ वरणाला उकळी आली की फेटून त्यात सोडा. चालत नसल्यास पनीर आणि डाळ वाढवावी लागेल. पुढे मूत्रपिंडाच्या तपासणीत काही बदल दिसला तर हा हिशेब आहारतज्ज्ञांकडून नव्याने करून घ्यावा लागेल, हे ध्यानात ठेवा.

भाज्यांमध्ये दुधी, पडवळ, साल काढलेला दोडका आणि गाजर या तुमच्या भाज्या आहेत; लाल भोपळा थोडा चालेल. त्या डाळीबरोबरच शिजवून घोटाव्यात. पालक देठ काढून मिक्सरमधून फिरवला तर सोसतो. फळांत पपईच्या चार फोडी किंवा साल काढून वाफवलेले अर्धे सफरचंद पुरे आहे. सकाळी तांदळाची उकड करा: ताकात पीठ कालवून, जिऱ्याची हलकी फोडणी देऊन ती एका हाताने ढवळता येते, चावावी लागत नाही आणि पाच मिनिटांत होते. बरोबर एक अंडे किंवा पनीर असू द्या, नाहीतर ती नुसती पिठूळ राहील. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून घ्यायला हरकत नाही, कारण सत्त्व काढताना नाचणीचा कोंडा गाळला जातो. नाचणीचे नुसते पीठ त्याच्या जागी वापरू नका.

मिठाविषयी थोडक्यात सांगते. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, ही सगळ्या अन्नाची मिळून मर्यादा आहे; लोणचे आणि पापड तीत बसत नाहीत. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात धोकादायक पातळीपर्यंत साचू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. चवीसाठी हिंग, जिरे, आले, कोथिंबिरीचा रस आणि सोसत असेल तर लिंबाचे चार थेंब आहेत.

शनिवारच्या गोळीनंतर रविवारी अन्नाचा वासही नको होतो, असे तुम्ही लिहिलेले नाही, पण अनेकांना होते म्हणून विचारते. तसे असेल तर रविवारचे अन्न शुक्रवारी ठरवून ठेवा. त्या दिवशी फोडणी नको, कारण बहुधा तिच्याच वासाने मळमळते. थंड किंवा कोमट पेज, ताक, दूध आणि कपभर कढण एवढ्यावर दिवस काढला तरी चालतो. मात्र खाणे असे कमी असेल त्या दिवशी इन्सुलिन किती घ्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गोळी रात्री घेता येईल का आणि फॉलिक ॲसिड पुरेसे आहे का, हेही विचारण्याजोगे आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेल्याने गंभीर प्रसंग ओढवतात, म्हणून तिचे पाकीट इतर औषधांपासून वेगळे ठेवा.

हीच गोळी प्रतिकारशक्ती उतरवते, म्हणून शिळ्या अन्नाबाबत पूर्वीची सवय बदलावी लागेल. रात्री ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकणे आता तुमच्यासाठी नाही. भात किंवा खिचडी उरली तर पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा आणि पुन्हा उरली तर टाकून द्या. अन्न टाकणे तुमच्या-माझ्या पिढीला जड जाते, हे मान्य आहे. म्हणून घोटलेली डाळ शिजल्यावर लगेच वाटी-वाटीने फ्रीजरमध्ये ठेवावी. ती काही आठवडे राहते आणि हवी तेवढीच काढता येते.

आता हातांविषयी लिहिते, कारण माझ्या अनुभवात पथ्य मोडते ते जिभेमुळे थोडे आणि मनगटामुळे जास्त. भाकरी, पोळी, थालीपीठ असे थापणे-लाटणे लागणारे सगळे पदार्थ तूर्त बाजूला ठेवा आणि ओतून किंवा ढवळून होणारे पदार्थ जवळ करा: मुगाच्या पिठाचे मऊ धिरडे, विकतच्या ताज्या पिठाची इडली, रव्याचा पातळसर उपमा. मोठ्या कुकरऐवजी हलक्या झाकणाचे विजेवर चालणारे भाताचे भांडे घ्या. त्यात खिचडी आपोआप शिजते आणि ते उचलावेही लागत नाही. पाणी त्यात फुलपात्राने भरा आणि शिजलेले अन्न डावाने काढा, म्हणजे भरलेले भांडे नळापासून ओट्यापर्यंत न्यायचा प्रसंगच येत नाही. सांडशीने पातेले पेलण्यापेक्षा दोन कानांचे छोटे पातेले बरे. डब्यांची झाकणे घट्ट लावू नका. आणि शक्य असेल तर स्वयंपाकासाठी नव्हे, तर केवळ निवडणे, सोलणे आणि चिरणे यांसाठी आठवड्यातून दोनदा शेजारच्या कोणाला पैसे देऊन बोलवा. संपूर्ण स्वयंपाकाला बाई ठेवली की तिच्या हाताचे तेल-मीठ आपल्या हाती राहत नाही. बाहेरच्या डब्याचीही तीच अडचण आहे.

काही लक्षणांत मात्र आहाराचा विचार बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा: पाणीही पोटात ठरत नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, शौच डांबरासारखे काळे झाले, किंवा उलट्यांबरोबर साखर 300 च्या वर राहिली तर. ताप, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला आणि धाप लागली तर मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

राहिले तुमचे दोन प्रश्न. रोज तेच खाल्ले तर चालेल का, तर चालेल. लोकांनी ‘रोज वेगळे खा’ म्हटलेले तुम्ही ऐकले असेल, पण तीन-चार आठवडे तेच सहा-सात पदार्थ फिरवून खाल्ल्याने काही बिघडत नाही. उलट साखरेच्या वहीतील आकडे वाचता येतात, कारण रोज अन्न बदलले तर कशाने काय झाले, हे डॉक्टरांनाही कळत नाही. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी करा. ते उतरायचे थांबले आणि उलट्या कमी झाल्या की एका वेळी एकच नवा पदार्थ घ्या, तोही मंगळवार ते शुक्रवार यांच्या दरम्यान आणि दुपारी, म्हणजे शनिवारच्या गोळीचा त्रास आणि पदार्थाचा त्रास यांची गल्लत होणार नाही.

भाकरी कायमची सुटली असे मी म्हणणार नाही. ज्वारीला कोंडा असतो आणि सध्या तुमचे जठर तो सहज पुढे नेणार नाही, एवढेच खरे आहे. वजन स्थिरावल्यावर नवा पदार्थ म्हणून पहिल्यांदा तीच घ्या. शेजारणीकडून एक पातळ भाकरी मागून आणा, तिचा चतकोर कडा काढून गरम वरणात कुस्करा, झाकून दहा मिनिटे ठेवा आणि दुपारी एकच्या आत चमच्याने खा. दोन तासांनी साखर आणि चार तासांनी पोट जड आहे की हलके, हे वहीत लिहून मला कळवा.